हार्ड डिस्क न ओळखली जाणे

हार्ड डिस्क न ओळखली जाणे म्हणजे संगणकाला जोडलेली हार्ड डिस्क बायोसला किंवा संचालन प्रणालीला न दिसणे, अथवा मूळ क्षमतेपेक्षा कमी क्षमतेची दिसणे. जुन्या संगणकात नवी डिस्क बसवताना ही अडचण वारंवार येते. अशा वेळी डिस्क सदोष असेलच असे नाही. जोडणी, वीजपुरवठा, बायोसची क्षमतामर्यादा किंवा डिस्कवर विभाजन नसणे यांपैकी कोणतेही कारण संभवते.

निदान

डिस्कची ओळख तीन टप्प्यांत होते. प्रथम डिस्कला वीज मिळून तिच्या तबकड्या फिरू लागतात. मग बायोस किंवा यूईएफआय तिचे नाव व क्षमता वाचते. शेवटी संचालन प्रणाली तिच्यावरील विभाजने शोधते. अडचण कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी ठरवल्यास शोध सोपा होतो. डिस्क फिरल्याचा आवाज किंवा कंप जाणवत नसेल, तर वीजपुरवठा तपासावा. डिस्क फिरते पण बायोसमध्ये दिसत नसेल, तर केबल, जंपर व बायोसची मांडणी तपासावी. बायोसमध्ये दिसणारी डिस्क विंडोजमध्ये दिसत नसेल, तर कारण बहुधा विभाजन किंवा ड्रायव्हर हे असते. तीच डिस्क दुसऱ्या, नव्या संगणकाला जोडून पाहिल्यास दोष डिस्कमध्ये आहे की संगणकात, हे लवकर कळते.

जोडणीतील कारणे

जुन्या आयडीई पद्धतीत ४० पिनांच्या एका केबलवर दोन डिस्क जोडता येतात. त्यांपैकी एक ‘मास्टर’ व दुसरी ‘स्लेव्ह’ असावी लागते. ही निवड डिस्कवरील जंपरने होते. दोन्ही डिस्कवर एकच निवड असल्यास एक किंवा दोन्हीही दिसेनाशा होतात. ८० तारांच्या केबलचे निळे टोक मदरबोर्डला, काळे टोक मास्टरला आणि मधले राखाडी टोक स्लेव्हला जोडतात.

साटा पद्धतीत प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल असल्याने मास्टर-स्लेव्हचा प्रश्न उरत नाही. तरीही बायोसमध्ये ते पोर्ट बंद ठेवलेले असू शकते. व्हिया कंपनीच्या व्हीटी८२३७ सारख्या काही सुरुवातीच्या चिपसंचांना सेकंदाला ३ गिगाबिट वेगाच्या डिस्कशी वेग जुळवता येत नाही. डिस्कवर १.५ गिगाबिट वेगाचा जंपर असल्यास तो लावून हा प्रश्न सुटतो. काही नव्या डिस्कमध्ये साटा वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनेचा उपयोग डिस्क दुरून बंद करण्यासाठी होतो. जुना वीजपुरवठा संच त्या पिनेवर ३.३ व्होल्ट सतत देत असल्यास डिस्क फिरतच नाही. चार पिनांच्या जुन्या वीजजोडणीला साटा अडॅप्टर लावल्यास ही अडचण दूर होते, कारण त्या जोडणीत ३.३ व्होल्टची तार नसते.

मदरबोर्डवरील ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी संपल्यास संगणकाची वीज तोडताच बायोसची मांडणी पुसली जाते. दीर्घ काळ बंद असलेल्या संगणकात, उदाहरणार्थ उन्हाळी सुट्टीनंतर उघडलेल्या शाळेच्या संगणक कक्षात, हे कारण आधी तपासणे योग्य ठरते. तारीख व वेळ चुकीची दिसणे ही त्याची ठळक खूण होय.

क्षमतेच्या मर्यादा

डिस्कवरील प्रत्येक सेक्टरला पत्ता असतो. पत्त्यासाठी जितके अंक राखून ठेवलेले असतात, तितकीच जागा संगणकाला दिसू शकते.

• ५२८ मेगाबाइट : १,०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर या एकत्रित मर्यादेमुळे.
• ८.४ गिगाबाइट : बायोसच्या जुन्या डिस्क-सेवेतील पत्त्याच्या मर्यादेमुळे.
• ३३.८ गिगाबाइट : काही अवॉर्ड बायोसमधील दोषामुळे, असा संगणक डिस्क तपासतानाच अडकून पडतो.
• १३७ गिगाबाइट : २८ बिटांच्या पत्त्यामुळे. २००२ च्या एटीए-६ मानकातील ४८ बिटांच्या पत्त्याने ही मर्यादा हटली. विंडोज एक्सपीला त्यासाठी पहिला सर्व्हिस पॅक लागतो.
• २.२ टेराबाइट : एमबीआर विभाजन तक्त्यातील ३२ बिटांच्या पत्त्यामुळे. जीपीटी तक्ता वापरल्यास ही मर्यादा राहत नाही.

जुन्या ड्रायव्हरमुळे ३ टेराबाइटची डिस्क कधीकधी ७४६ गिगाबाइटची दिसते. याउलट ५०० गिगाबाइटची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ गिगाबाइटची दिसणे हा दोष नाही; उत्पादक १,००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत.

महाराष्ट्रातील संदर्भ

२००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची प्रशिक्षण केंद्रे राज्यभर उघडली. पुढे २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पातून ग्रामपंचायतींमध्ये संगणकीकृत सेवा सुरू झाल्या. बीड जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात या दोन्ही काळांतील संगणक दुरुस्तीला आल्यास त्यांचे वय पाहून शोधाची दिशा ठरवता येते. पहिल्या पिढीतील यंत्रात आयडीई जंपर आणि १३७ गिगाबाइटची मर्यादा आधी तपासावी लागते, तर दुसऱ्या पिढीतील यंत्रात साटा मांडणी आणि २.२ टेराबाइटची मर्यादा. बायोस असलेल्या संगणकात जीपीटी डिस्क माहिती साठवण्यासाठी वापरता येते. मात्र तिच्यावरून विंडोज सुरू करण्यासाठी यूईएफआय आवश्यक असते.

संचालन प्रणालीतील कारणे

कोऱ्या डिस्कवर विभाजन तक्ता नसतो, त्यामुळे ती ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिचे प्रारंभीकरण, विभाजन व फॉरमॅट करावे लागते. विंडोज एक्सपी स्थापित करताना साटा डिस्क न दिसल्यास एएचसीआय ड्रायव्हर फ्लॉपीवरून द्यावा लागतो किंवा बायोसमध्ये आयडीई पद्धत निवडावी लागते. आधीच स्थापित असलेल्या विंडोजखाली ही पद्धत अचानक बदलल्यास संगणक सुरू होणे थांबू शकते.

माहितीची सुरक्षितता

नव्या व वापरलेल्या डिस्कमधील फरक येथे निर्णायक ठरतो. एका संगणकातून काढून दुसऱ्यात बसवलेल्या जुन्या डिस्कबाबत विंडोजने प्रारंभीकरण किंवा फॉरमॅट सुचवल्यास ते स्वीकारू नये. शाळेचे निकाल किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदी तिच्यावर असतील, तर त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच त्यामुळे पुसला जाऊ शकतो. ४८ बिटांचे पत्ते न कळणाऱ्या प्रणालीने १३७ गिगाबाइटच्या पुढे लिहिण्याचा प्रयत्न केल्यास ते लेखन डिस्कच्या आरंभी होऊन मूळ माहिती नष्ट होण्याचा धोका असतो. डिस्कमधून ठराविक अंतराने टकटक आवाज येत असल्यास ती वारंवार चालू करू नये. शक्य असल्यास आधी तिची प्रत काढावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत.

हे सुद्धा पहा

• हार्ड डिस्क
• बायोस
• साटा
• संचालन प्रणाली