बुडालेल्या बाभळींवरचा गळ

मामांच्या शेतातल्या बाभळी आता पाण्याखाली उभ्या आहेत. खडकपूर्णेचे धरण भरायच्या आधी शिवारातली मोठी झाडे तोडून नेली. बांधावरच्या बाभळी, नाल्याकाठच्या बोरी आणि विहिरीजवळच्या चिंचेचे खोड मात्र तसेच राहिले. पाणी चढले आणि पुढे कित्येक वर्षे मामा त्याच बाभळींवरून गळ ओढत राहिले. कुठे काय बुडाले आहे हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. ज्या बांधावर बसून भाकरी खाल्ली, तो बांध माणूस विसरत नाही.

आमचा बुलढाणा जिल्हा पाण्याच्या दृष्टीने मोठा विलक्षण आहे. इथे पूर्णा दोन. घाटाखालची पूर्णा तापीला मिळून पश्चिमेच्या समुद्राला जाते. घाटावरची खडकपूर्णा गोदावरीच्या वाटेने पूर्वेला जाते. पैनगंगा इथल्याच अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि तिचेही पाणी शेवटी गोदावरीलाच मिळते. लोणारच्या खारट, अल्कधर्मी सरोवरात मासाच जगत नसे. म्हणून आमच्या भोई लोकांचे सगळे जगणे या नद्यांच्या डोहांवर होते. खांद्यावर पालखी, पावसाळ्यात पैलतीराला पोचवायची माणसे, उन्हाळ्यात पात्रातल्या टरबूज-डांगराच्या वाड्या, आणि बाराही महिने मासे.

डोहात जाळे टाकणे सोपे नसे. पुरात उन्मळून आलेली उंबर-जांभळीची झाडे डोहाच्या तळाशी रुतून बसत, त्यांच्यावर काटेरी झुडपे अडकत. जाळे एकदा त्यात गुंतले की घरातल्या बायकांची महिनाभराची विणाई फुकट जाई. अशा जागी गळच चाले. आजोबांच्या काळी दोर तागाचा असे. बाभळीची साल पाण्यात उकळून त्या तांबड्या काढ्यात दोर आणि जाळी रात्रभर बुडवून ठेवत. सालीतल्या तुरटपणामुळे सूत लवकर कुजत नाही. मला ही गोष्ट लहानपणापासून फार मोठी वाटत आली आहे: पाण्यातली बाभूळ दोर तोडते आणि काठावरची बाभूळ दोर राखते. गळाचे लोखंडी आकडे देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत मिळत. एक आकडा हरवला तर आजोबा दिवसभर कुणाशी बोलत नसत, असे मामा सांगायचे.

गळाची विद्या आपल्याकडे अडाण्यांची कधीच नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला काय खाऊ घालावे, गळाला काय लावावे, हे राजाने त्यात लिहून ठेवले आहे. राजाची हौस ग्रंथात उतरली. आमच्या लोकांचे पोट ज्यावर चालले, ती विद्या कुणी लिहिली नाही.

मग नायलॉन आले. अमेरिकेत १९३५ साली तयार झालेला हा धागा आमच्या आठवडी बाजारात पोचायला काही दशके लागली. आमच्याकडे त्याला तंगूस म्हणतात. तो कुजत नाही, पाण्यात दिसत नाही, बाभळीच्या काढ्याची त्याला गरज नाही. माशांतही बदल झाला. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. त्या तंत्रामुळे रोहू, कटला, मृगळ यांचे बीज तलावा-धरणांत मोठ्या प्रमाणावर सोडता येऊ लागले. धरणे झाली तशा सहकारी संस्था आल्या, ठेके आले, मोठी जाळी आली.

खडकपूर्णेच्या जलाशयाला संत चोखामेळा सागर असे नाव दिले आहे. चोखोबांचे मेहुणा राजा हे गाव देऊळगाव राजा तालुक्यातलेच. या सागरात उथळ बाजूला जाळी चालत नाहीत. खाली जुन्या बाभळी आणि काठाने दर उन्हाळ्यात माजणारी, दर पावसाळ्यात बुडणारी वेडी बाभूळ आणि बेशरम. पूर्ण बुडालेले बाभळीचे लाकूड लवकर कुजत नाही, कारण लाकूड खाणाऱ्या बुरशीला हवा लागते. पाणी जिथे चढते-उतरते तेवढाच भाग कुजून मोडतो आणि खाली भाल्यासारखा सुळका राहतो. मरळ नेमकी याच जागी दबा धरून बसते.

मामांचा ओढीचा गळ मी जवळून पाहिला आहे. चाळीस वाव तंगूस. त्याच्या टोकापासून दोन हात अलीकडे एक गुळगुळीत धोंडा, पण तंगुसाला नव्हे, वीतभर कच्च्या सुताला बांधलेला. धोंडा फांद्यांत अडकला तर सूत तुटते, बाकी सगळे सुटून येते. “धोंडा गेला त जाऊ दे, गय राह्यला पायजे,” मामा म्हणायचे. आकड्याच्या जरा अलीकडे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बोटभर तुकडा. त्यामुळे धोंडा खाली झाडांवर टेकत जातो आणि आमिष हातभर वर तरंगत राहते. आकड्याचे टोक लहान माशाच्या पाठीत पूर्ण लपवलेले. काडी त्याला धरत नाही, मरळीने जबडा आवळला की मात्र टोक बाहेर येते.

ट्रकच्या ट्यूबवर बसून, हातातल्या लाकडी थापट्यांनी पाणी मागे सारत मामा अगदी हळू जायचे. दोराचा एक वेढा पायाच्या अंगठ्याला, गाठ कधीच नाही. खालचे सगळे त्या अंगठ्यातून कळायचे. टक् झाले की खोड, खरखर झाली की बेशरम, दोर जड झाला आणि मग हलला की मासा. गळ अडकला तर ते ओढायचे नाहीत. ट्यूब वळवून अडकल्या जागेच्या पलीकडे जायचे आणि उलट्या बाजूने सोडवायचे. जागा ओळखायची खूण दोन रेषांची: देवळाचा कळस टेकडीच्या खिंडीत आला आणि उजवीकडे विजेचा खांब एकट्या कडुनिंबामागे गेला, की खाली आपली विहीर.

ही शेवटची खूण कुठेही विकत मिळत नाही. तंगूस मिळतो, आकडे मिळतात, ट्यूब मिळते. ज्याने ते शिवार कोरडे पाहिले त्यालाच विहीर सापडते. मामा गेले त्या वर्षापासून आमच्या घरातले कुणी त्या बाजूला गळ टाकत नाही. मी दोनदा जाऊन पाहिले. धोंडे हरवून परत आलो.

आता घाटाखाली नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्प उभा राहतो आहे. गावांचे पुनर्वसन टप्प्याटप्प्याने चालले आहे. तिथल्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे. पाणी चढण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन शिवार फिरा. कोणते झाड कुठे, विहीर कुठे, नाला कुठे वळतो, हे एका वहीत लिहून ठेवा आणि जवळच्या दोन उंच खुणा त्याच्यासमोर नोंदवा. तुमच्या पोराला पुढे त्या पाण्यावर पोट भरायचे असेल, तर ही वही त्याला लागणार आहे.