झोप किती तास लागली?

आजची गोष्ट नर्सच्या नोंदींची.

१८५९ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ आलं. त्यात त्या बजावतात, की पेशंटची रात्र बरी गेली का, असं मोघम विचारू नका. किती तास झोप लागली, कधी लागली, ते विचारा. कारण एखाद्याला सलग दहा तास झोप नाही झाली तर रात्र वाईट, आणि दुसऱ्याला मधूनमधून डुलकी लागली तरी चालतं! पुढच्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांची नर्सिंग शाळा सुरू झाली.

आता थेट १९७१. कॅलिफोर्नियातलं एल कॅमिनो हॉस्पिटल. विमानं बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीत जन्मलेली संगणक यंत्रणा तिथे आली. स्क्रीनवर यादी दिसायची, लाइट पेन टेकवून निवडायचं. टायपिंग फारसं नाहीच.

पण गंमत बघा. निवडणं सोपं झालं, की न बघता निवडणंही सोपं होतं. कालचीच नोंद आज पुन्हा टाकली, तर पुढच्या पाळीची नर्स तिच्यावरच विसंबते. भोगतो पेशंट.

म्हणून हल्ली विद्यार्थ्यांना आधी काल्पनिक पेशंटच्या नोंदींवर सराव देतात. चुकलं तरी कुणाचा जीव जात नाही. मात्र बटणं लवकर शिकता येतात, बघायला शिकणं वेळ घेतं. स्क्रीन कितीही बदलली, तरी कॉटजवळ जाऊन विचारायचा प्रश्न १८५९चाच आहे.