माळवदाची ऊब

जालना परिसरातील जुन्या माळवदाच्या घरांत निव्वळ शेकण्यासाठी सरपण क्वचितच जळे. दिवसाचे ऊन आणि चुलीची धग जाड भिंती रात्रभर धरून ठेवीत. छतावर तुळया, फळ्या आणि वर पांढरी माती. गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी नवा थर पडे. वर्षानुवर्षे घर उबदार होत गेले, आणि जडही. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट. दूर दक्षिणेस किल्लारी परिसरात, भूकंपाने दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि अशाच छतांखाली हजारो माणसे झोपेत गाडली गेली. धास्ती मराठवाडाभर पसरली. माळवदे उतरू लागली, पत्रे चढले. पत्रा हलका, हे खरेच. पण पौषात तो ऊब धरीत नाही. शेकोटीसाठी पऱ्हाट्यांची मोळी मग लवकर संपते.