तळटीप : जठराकडून मेंदूकडे, तंतूंचा माग

४. ‘व्हेगसचे तंतू जठरात पोहोचतात’ : नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत शवविच्छेदन करणाऱ्या विद्यार्थ्याला व्हेगस या चेतेची दोन खोडे अन्ननलिकेवरून जठरापर्यंत डोळ्यांनी दिसतात. पुढे तंतू भिंतीत दिसेनासे होतात. ते मेंदूतील नेमक्या कोणत्या पेशींचे, हे शोधण्यासाठी १९७०च्या दशकापासून प्रयोगप्राण्यांच्या अवयवात हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजसारखा पदार्थ टोचतात. तंतूंची टोके तो शोषतात आणि तो उलट दिशेने पेशीपर्यंत पोहोचतो. खरा धोका गळतीचा. थोडा द्रव शेजारच्या यकृतावर वा आतड्यावर सांडला, तरी नकाशा चुकतो. म्हणून काचेच्या अतिशय बारीक सुईने अत्यल्प मात्रा सावकाश द्यावी, छिद्र टिपून बंद करावे. तुलनेसाठी एका प्राण्याच्या उदरपोकळीत तोच पदार्थ सोडावा. दुसऱ्याची व्हेगस आधी कापावी. कापल्यावरही लंबमज्जेतील तिच्या पेशी रंगल्या, तर पदार्थ भलत्याच वाटेने आला असे समजावे. अशी पडताळणी नसलेल्या निष्कर्षावर विसंबू नये. — संपादक