लेखनिकाची कंबर

संस्कृत पोथ्यांच्या अखेरीस एक श्लोक वारंवार भेटतो. पाठ, कंबर आणि मान मोडेपर्यंत लिहिल्याचे सांगून लेखनिक पोथी जपण्याची विनवणी करतो. साचेबंद मजकूर म्हणून आपण तो ओलांडतो. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७१३ साली कारकुनांच्या व्याधींची कारणे नोंदवली: अखंड बैठक, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरील ताण. पोथीतला लेखनिक त्यांतली पहिली व्यथा स्वतःच्या देहावरून सांगत होता. पाठचिकित्सेत आपण त्याला प्रमादांचा धनी ठरवतो. गळलेली ओळ, दोनदा उतरलेला शब्द मोजतो. त्या मोजणीत दुखऱ्या कमरेचाही हिशेब धरावा, असे आम्हांस वाटते. छपाईपूर्वीचे ग्रंथ अशाच बैठकींतून आपल्यापर्यंत पोहोचले आहेत.