कर्करोग आणि शारीरिक हालचालींतील अडथळे

कर्करोगाच्या रुग्णांना उपचारांच्या काळात व त्यानंतर चालणे, व्यायाम करणे किंवा नेहमीची कामे करणे अनेक कारणांमुळे कठीण जाते. ही कारणे आजार व उपचार, मनातील भीती, कुटुंबातील समजुती आणि राहण्याचा परिसर यांतून उद्भवतात. त्यांपैकी बरीचशी योग्य मार्गदर्शनाने दूर करता येतात.

पार्श्वभूमी

पूर्वी कर्करोगाच्या रुग्णास प्रामुख्याने विश्रांतीचाच सल्ला दिला जात असे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २०१० मध्ये रुग्णांनी निष्क्रिय राहणे टाळावे, अशी शिफारस केली. २०१९ च्या शिफारशींनुसार आठवड्यातून तीन वेळा सुमारे ३० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोनदा स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम उपयुक्त ठरतो. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरील अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केमोथेरपीनंतर तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्या गटात आठ वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ९०.३ टक्के, तर केवळ माहितीपुस्तिका दिलेल्या गटात ते ८३.२ टक्के होते.

शारीरिक अडथळे

थकवा हा सर्वांत मोठा अडथळा होय. हा थकवा केवळ झोपेने जात नाही. उलट, सतत अंथरुणावर राहिल्याने स्नायू क्षीण होऊन तो वाढतो. रक्तक्षय, मळमळ, वेदना आणि केमोथेरपीमुळे तळपायांना येणारा बधिरपणा यांमुळेही चालणे अवघड होते. तोंडाच्या कर्करोगात मानेतील गाठी काढताना खांद्याच्या स्नायूकडे जाणाऱ्या मज्जातंतूस इजा झाल्यास हात वर उचलता येत नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरही खांदा आखडतो.

मानसिक व कौटुंबिक अडथळे

व्यायामाने आजार बळावेल, ही भीती सर्वत्र आढळते. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज येईल म्हणून वजन उचलू नये, असे पूर्वी सांगितले जाई. कॅथरिन श्मिट्झ व सहकाऱ्यांच्या २००९ मधील अभ्यासात मात्र अशी सूज असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला असता सूज लक्षणीयरीत्या वाढली नाही. मायेपोटी घरचे लोक रुग्णाला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. केस गळणे किंवा चेहऱ्यातील बदल यांमुळे काही रुग्ण घराबाहेर पडणे टाळतात.

परिसर व आर्थिक स्थिती

महाराष्ट्रातील अनेक रुग्ण उपचारांसाठी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. किरणोपचार सहसा आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालतात. या काळात धर्मशाळेत किंवा नातलगांकडे राहणाऱ्यांना चालण्यास पुरेशी जागा नसते.

नाशिक शहरात कर्करोगावरील उपचार उपलब्ध आहेत. फिरण्यासाठी गोदापार्क, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक अशी ठिकाणेही आहेत. परंतु सुरगाणा, पेठ यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतील रुग्णाला भौतिकोपचारतज्ज्ञाकडे वारंवार येण्यासाठी प्रवासखर्च व बुडणारी मजुरी सोसावी लागते.

जिल्ह्यातील द्राक्षबागांत एप्रिल व ऑक्टोबरच्या सुमारास होणारी छाटणी मांडवाखाली हात उंच धरून करावी लागते. त्यामुळे खांदा आखडलेल्या मजुराचा रोजगारच धोक्यात येतो. अशा रुग्णासाठी खांद्याचे व्यायाम हा उपजीविकेचाही प्रश्न असतो. शेतमजुरीत श्रम पुष्कळ असले, तरी दुखऱ्या सांध्याला हवा असलेला क्रमाक्रमाने वाढणारा व्यायाम त्यातून मिळतोच असे नाही.

उपाय व दक्षता

प्रारंभी दिवसातून दोन-तीन वेळा पाच ते दहा मिनिटे चालून हळूहळू वेळ वाढवता येते. उन्हाळ्यात सकाळची वेळ सोयीची असते. अंगणात किंवा ओसरीवर चालणे, भिंतीवर बोटे चढवत हात उंचावणे, खुर्चीवरून उठणे-बसणे हे व्यायाम विनाखर्च आहेत. ताप, तीव्र रक्तक्षय, रक्तातील प्लेटलेट फार कमी असणे किंवा कर्करोग हाडांत पसरलेला असणे, अशा स्थितीत डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय व्यायाम करू नये. व्यायामाची सूचना डॉक्टरांनी घरच्या मंडळींसमक्ष दिल्यास त्यांचीही भीती कमी होते.