किट घालणं आणि किट उतरवणं : एका मार्गदर्शक सूचनेचा इतिहास

पीपीई हा शब्द आपल्याकडे एकटा फारसा येत नाही. तो 'पीपीई किट' असाच येतो. २०२० मध्ये तो घराघरांत पोचला तो वस्तू म्हणून: किती किट आली, कितीला घेतली, कुठे कमी पडली. या शब्दानेच संशोधनाच्या पहिल्या वर्षी मला फसवलं. साथीच्या काळातले रुग्णालयातले कर्मचारी हा माझा विषय, आणि मी कागदपत्रांत किट शोधत बसले. खरेदीचे आकडे भरपूर सापडले. ते घालायला कुणी शिकवलं, उतरवताना शेजारी कोण उभं होतं, हे काही सापडेना.

हा प्रश्न मला नीट समजला तो अमेरिकेतल्या एका प्रकरणावरून. तुम्ही प्रपोजलच्या तयारीत असाल तर तेही वाचा, कारण त्यातली साधनं सहज मिळतात.

सप्टेंबर २०१४. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची मोठी साथ सुरू होती. लायबेरियाहून आलेला एक रुग्ण टेक्सासमधल्या डॅलस शहरात रुग्णालयात गेला. पहिल्या खेपेला त्याला घरी पाठवलं, २८ तारखेला तो रुग्णवाहिकेतून परत आला, ३० तारखेला इबोलाचं निदान झालं आणि ८ ऑक्टोबरला तो वारला. त्यानंतर आठवड्याभरात त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाल्याचं निष्पन्न झालं. दोघीही पुढे बऱ्या झाल्या.

रोगनियंत्रण केंद्राचे, म्हणजे सीडीसीचे, संचालक टॉम फ्रीडन १२ ऑक्टोबरला म्हणाले की नियमावलीचं उल्लंघन झालं असावं. परिचारिकांच्या संघटना खवळल्या. दुसऱ्याच दिवशी फ्रीडन यांना खुलासा करावा लागला की परिचारिकांना दोष देण्याचा आपला हेतू नव्हता. इथे जरा थांबा. 'उल्लंघन' म्हटलं की नियम माहीत होता, त्याचा सराव होता आणि तरीही तो मोडला, एवढं सगळं गृहीत धरलं जातं. संघटनांचं म्हणणं नेमकं याच गृहीतकावर होतं: प्रश्न विचारता येतील, हातांनी करून बघता येईल असं शिक्षण परिचारिकांना मिळालंच कुठे?

आता त्याच सीडीसीच्या सूचनांचे दोन पाठ शेजारी ठेवा, डॅलसच्या आधीचा आणि २० ऑक्टोबर २०१४ चा. आधीच्या पाठात मुख्यतः वस्तू आहेत: हातमोजे, गाऊन, मास्क, डोळ्यांचं संरक्षण, आणि प्रसंग पाहून आणखी काही. नव्या पाठात तीन गोष्टी पुढे येतात. कर्मचाऱ्याने आधी कसून सराव केलेला असावा, नुसतं ऐकलेलं पुरणार नाही. किट घातल्यावर त्वचा उघडी राहता कामा नये (म्हणून गॉगलऐवजी पूर्ण चेहरा झाकणारी ढाल आली). आणि घालताना-उतरवताना एका प्रशिक्षित माणसाने प्रत्येक पायरी बघायची.

बघायला माणूस कशाला? कारण उतरवण्यातच मोठा धोका असतो. रुग्णाची उलटी, जुलाब, रक्त जे काही उडालेलं असतं ते सगळं आता तुमच्या कपड्यांच्या बाहेरच्या बाजूला असतं. तुम्ही घामाने भिजलेले, थकलेले. हात आपसूक कपाळाकडे जातो. म्हणून उतरवायचा क्रम ठरलेला आणि मध्ये पुन्हा पुन्हा हातमोज्यांवरच जंतुनाशक. हे एकट्याच्या भरवशावर सोडायचं काम नाही. ही कल्पना सीडीसीची नव्हे. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या आफ्रिकेतल्या केंद्रांवर जोडीने आत जायची आणि दुसऱ्याच्या देखरेखीखाली कपडे उतरवायची रीत आधीपासून होती. आणि म्हणून तिथे सगळे सुरक्षित राहिले असंही समजू नका. त्या साथीत संस्थेच्या २८ कर्मचाऱ्यांना लागण झाली, १४ दगावले.

एक सावधगिरी. त्या दोन परिचारिकांना नेमक्या कोणत्या क्षणी लागण झाली हे कधीच निश्चित झालं नाही. तेव्हा 'किट उतरवताना लागण झाली' असं वाक्य प्रबंधात लिहू नका, कितीही मोह झाला तरी. आपल्याला सांगता येतं ते इतकंच की लागण झाल्यावर सूचनेत काय बदललं. माझ्या मते तेवढंही पुष्कळ आहे. सुधारलेल्या सूचनेतल्या वाक्यामागे बहुतेक वेळा कुणाचं तरी आजारपण असतं.

दुसरी गोष्ट, 'कर्मचारी' म्हणजे कोण ते आधी ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार जानेवारी २०१४ ते मार्च २०१५ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन मिळून ८१५ आरोग्य कर्मचाऱ्यांना इबोला झाल्याची खात्रीशीर वा संभाव्य नोंद आहे. त्यांत निम्म्याहून अधिक परिचारिका आणि त्यांच्या मदतनीस, पण प्रयोगशाळेतले लोक आणि सफाई कामगारही आहेत. प्रशिक्षणाच्या याद्यांत ही शेवटची माणसं शोधून बघा.

मी आता मुलाखतीत 'ट्रेनिंग झालं होतं का?' असं विचारतच नाही. त्याला उत्तर 'हो' असंच येतं. मी विचारते, 'पहिल्यांदा किट उतरवलंत तेव्हा कुणी बघत होतं का?' करोनाच्या वॉर्डात काम केलेल्या एका आयाबाईंनी यावर थोडा वेळ विचार केला. मग म्हणाल्या, "बघत कुणी नव्हतं. सही मात्र घेतली होती."